त्याच पटीत

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी गणित शिकवायचे, असं सांगितलं की समोरचा माणूस जरा सावरून बसतो. लग्नकार्यात तर हे हमखास होतं. कुणीतरी हसत म्हणतं, "बाई, तेवढं गणित सोडून काहीही बोला." मग मीही गणित सोडून बोलते. दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून निरोप आला, तेव्हा मात्र ठरवलं की आता गणितावरच लिहायचं. सगळ्या गणितावर नाही. सातवीतल्या एकाच प्रकरणावर, गुणोत्तर आणि प्रमाण.

हे प्रकरण शिकवण्यात माझं नाव होतं. नाव म्हणजे कळंब तालुक्यापुरतं. त्याच्या पलीकडं मला कुणी ओळखत नव्हतं आणि त्याचं मला दुःखही नव्हतं. पोरं गणितात आकड्यांपाशी अडत नाहीत, शब्दांपाशी अडतात, असं माझं पक्कं मत होतं. अजूनही आहे. गवंडी 'एकास सहाचा माल' म्हणतो ते पोराला कळतं. आई 'एका वाटीला तीन वाट्या' म्हणते तेही कळतं. पुस्तकात 'गुणोत्तर' आलं की तेच पोर पेन तोंडात घालून बसतं.

ज्यांचा या प्रकरणाशी संबंध सुटून जमाना झाला, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक वाटी डाळ आणि तीन वाट्या तांदूळ घेतले, तर डाळीचं तांदळाशी गुणोत्तर एकास तीन. आधी येतं ते पूर्वपद, नंतरचं उत्तरपद. घरी पाहुणे आले, डाळ दोन वाट्या घेतली आणि तांदूळ सहा, तरी गुणोत्तर तेच राहिलं. अशी दोन गुणोत्तरं समान असली की त्या संख्या प्रमाणात आहेत असं म्हणायचं. एवढंच आहे ते. एवढ्यासाठी पिढ्यान्पिढ्या पोरांनी मार खाल्लाय.

मी मारलं नाही. मी वही काढली. 'परिभाषेची वही' असं तिचं नाव. डाव्या पानावर शब्द, उजव्या पानावर अर्थ, आणि रोज पहिल्या तासाला सगळ्या वर्गानं मोठ्यानं म्हणायचं. त्याचा एवढा बोलबाला झाला की एकदा एक बाप शाळेत तक्रार घेऊन आला. "बाई, आमचं पोरगं जेवाया बसलं की आईला म्हणतंय, कालवणात मिठाचं पूर्वपद लई झालंय. ती बिचारी घाबरली की, काय पडलं म्हणून." मी त्याला चहा पाजला आणि पुढचा आठवडाभर मी हवेत चालत होते.

याच वहीत समप्रमाण आणि व्यस्तप्रमाण आली, आणि तिथं माझ्या हातून चूक झाली. ती समजावी म्हणून आधी व्याख्या सांगते. पुस्तकातली व्याख्या लांबलचक होती. एक राशी ज्या पटीत वाढते, त्याच पटीत दुसरी राशी वाढत असेल, तर त्या राशी समप्रमाणात आहेत. वह्या दुप्पट घेतल्या तर किंमतही दुप्पट, तसं. पण हे चाळीस पोरांच्या तोंडून एका सुरात निघेना. 'पटीत' आलं की अर्धी पोरं मागं राहायची. म्हणून मी ते छाटलं आणि टाळ्या घातल्या.

एक वाढली, दुसरी वाढली, टाळी, समप्रमाण!
एक वाढली, दुसरी घटली, टाळी, व्यस्तप्रमाण!

काय सुरेख बसलं होतं. शेजारच्या वर्गातली पहिलीची पोरंसुद्धा टाळ्या वाजवायला लागली. 'त्याच पटीत' हे दोन शब्द गेले, हे माझ्या लक्षात होतं की नव्हतं, ते आता खात्रीनं सांगता येत नाही. उदाहरणं सोडवताना पोरं पट बरोबर काढायची, मग म्हणण्यात ते शब्द नसले तर काय बिघडलं, असंच मी धरून चालले असणार.

गाव कळंबपासून एसटीनं पाऊण तासावर. निम्मं गाव दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायचं. जाताना पोरांना घेऊन जायचं आणि उन्हाळ्यात आणून सोडायचं. त्या वर्षी शाळेत हंगामी वसतिगृह सुरू झालं होतं. म्हणजे आईबाप उसाला गेले तरी पोरानं गावातच नातेवाइकाकडं राहायचं आणि दोन वेळा शाळेत जेवायचं. कुणाला ठेवायचं ती यादी वर्गशिक्षकानं करायची. सातवीची यादी माझ्याकडं होती.

मैना त्या वर्गात होती. बारा वर्षांची, काटकुळी, डोक्याला भरपूर तेल. पाठीमागं सहा वर्षांचा भाऊ कायम असायचा. तो पहिलीत होता, पण त्याचा वर्ग सुटला की आमच्या दारात येऊन बसायचा. मैना प्रश्न विचारायची. शिक्षक लोक सभेत म्हणतात की प्रश्न विचारणारी मुलं आम्हाला आवडतात. आवडतात, पण तास संपायला वेळ असेल तर, आणि प्रश्नाचं उत्तर आम्हाला येत असेल तर.

तिचा पहिला प्रश्न व्यस्तप्रमाणावर होता. मी पुस्तकातलं नेहमीचं उदाहरण दिलं होतं, मजूर वाढले की कामाचे दिवस कमी होतात. मैना उठली.

"बाई, आमच्या टोळीत मागल्या साली माणसं वाढली. पर दिस काय कमी झालं न्हायती. मुकादमानं दुसरा फड दावला."

वर्ग हसला, मीही हसले. मी म्हटलं, "अगं, काम तेवढंच राहिलं असं धरायचं." ती म्हणाली, "काम कुटं तेवढंच राहतंय?" आणि खाली बसली. घरी जाऊन मी ते नवऱ्याला सांगितलं आणि आम्ही दोघं पुन्हा हसलो.

त्याच सुमारास निरोप आला की केंद्राची शिक्षण परिषद यंदा आमच्या शाळेत आहे. म्हणजे आजूबाजूच्या शाळांचे शिक्षक जमणार, साहेब येणार आणि कुणीतरी आदर्श पाठ घेऊन दाखवायचा. पाठ माझा ठरला, विषय प्रमाणाची परिभाषा. मुख्याध्यापकांनी भिंतीला रंग काढला. मी पोरांकडून दोन आठवडे तयारी करून घेतली. आदर्श पाठ म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगायला हरकत नाही. पोरांना सगळं आधीच येत असतं आणि ते पहिल्यांदाच शिकतायत असं त्यांनी दाखवायचं असतं.

परिषदेच्या चार दिवस आधी मैनाची आई शाळेत आली. व्हरांड्यात उभी राहिली, आत या म्हटलं तरी येईना.

"बाई, ऐतवारी ट्र्याक्टर निघतुया. पोरीला ठिवू का न्यू? नेली तर धाकल्याला सांभाळंल, मोळ्या बांधाया हात लागंल. ठिवली तर शिकंल. तिची मावशी व्हय म्हणतीया ठिवून घ्याया. तिचा बाप म्हणतो ने. तुमी सांगताल तसं."

मला आकृत्या काढायच्या होत्या, रंगीत खडू आणायचे होते. मी म्हटलं, "परिषद होऊ द्या. मग सोमवारी यादीच करते." तिनं मान हलवली आणि ती गेली. ऐतवारी ट्रॅक्टर निघतो आणि मी सोमवारचं बोलतेय, हे माझ्या कानावरून गेलं. गणिताच्या शिक्षिकेच्या कानावरून.

दुसऱ्या दिवशी तयारीच्या तासाला टाळ्यांचं म्हणणं झालं आणि मैनानं हात वर केला.

"बाई, म्या बारा वरसांची आन् ह्यो सहा. म्या दुप्पट. फुडल्या साली म्या तेरा, ह्यो सात. दोगंबी वाढलो. मग आमचं वय समप्रमाणात हाय का?"

टाळ्यांच्या हिशेबानं ते समप्रमाण होत होतं. खरं तर नव्हतं, कारण तेरा ही काही साताची दुप्पट नाही. ती थांबली नाही.

"आन् ह्यो जलमला तवा म्या सहाची. तवा किती पट हुते?"

दारातला भाऊ आपल्याबद्दल काहीतरी चाललंय म्हणून खूश होऊन बघत होता. मला खरं म्हणजे त्या पोरीला उचलून फळ्यापाशी उभं करायला हवं होतं. बघा, आपल्या म्हणण्यात दोन शब्द कमी पडलेत आणि ते हिनं पकडले, एवढंच बोलायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं, "वहीत आहे तसं म्हण. फाटे फोडू नकोस."

संध्याकाळच्या एसटीत खिडकीशी बसून मी तो प्रश्न पुन्हा मांडून बघितला. गाडी कळंबच्या स्टँडवर पोचायच्या आत माझी चूक मला स्वच्छ दिसली. मैनाचं बरोबर होतं. टाळीत बदल करायचा तर चाळीस पोरांना दोन दिवसांत नवं म्हणणं शिकवावं लागणार, आणि ते साहेबांपुढं अडखळणार. आणि मैनानं हाच प्रश्न साहेबांपुढं विचारला तर? रात्रभर माझ्या डोक्यात दुसरं काही आलं नाही. ही पोर ठेवायची की न्यायची, हे माझ्या शब्दावर अडलंय, हे तर मुळीच आलं नाही.

परिषदेच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिला थांबवलं.

"मैना, उद्या पाहुणे आहेत. तू उद्या येऊ नकोस."

"का बाई?"

"भावाला सांभाळायचं असतं ना तुला."

तिनं भावाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मला समदं येतंय की बाई. म्हणून दावू?" आणि तिनं तिथंच, दप्तर पायाशी ठेवून, पूर्वपदापासून व्यस्तप्रमाणापर्यंत सगळी वही म्हणून दाखवली. टाळ्यांसकट. एक शब्द चुकला नाही. समप्रमाणसुद्धा माझ्यासारखंच चुकीचं म्हणून दाखवलं, मला बरं वाटावं म्हणून.

मी म्हटलं, "तरीपण."

हा एक शब्द मी माझ्या नोकरीतून परत घेऊ शकले असते तर बाकी सगळं, पुरस्कार, प्रमाणपत्रं, निरोपाची शाल, खुशाल देऊन टाकलं असतं.

अभ्यासात मागं असलेल्या पोरांना तपासणीच्या दिवशी घरी थांबवायचं, ही रीत आमच्याकडं काही नवी नव्हती. कुणी ती मोठ्यानं बोलत नाही, पण शिक्षकाला विचारा, तो दुसरीकडं बघेल. मीही दोन-तीन पोरांना आधी कधीतरी थांबवलेलं आहे. मात्र येतंय म्हणून थांबवलेली ही एकटीच.

पाठ फार चांगला झाला. साहेबांनी स्वतः टाळ्या वाजवल्या. शेवटी वर्ग म्हणत होता, एक वाढली, दुसरी वाढली, आणि माझी नजर खिडकीबाहेर गेली. समोर हापशावर मैना घागर भरत होती. भाऊ शेजारी उभा होता आणि आमच्या आवाजाबरोबर टाळ्या वाजवत होता. ती वाजवत नव्हती. घागर भरून वाहायला लागली तरी ती हापसत होती.

साहेब जाताना म्हणाले, "बाई, ही वही सगळ्या शाळांत गेली पाहिजे." आणि खरोखर गेली. झेरॉक्स निघाल्या, वर्गणी न काढता निघाल्या, हेच आमच्याकडं नवल. मी दोन दिवस हवेतच होते. सोमवारी यादी करायला बसले आणि मैनाचं नाव लिहिताना मान वर केली, तर तिची जागा रिकामी. शेजारच्या पोरीला विचारलं.

"ती गेली की बाई, काल. ट्र्याक्टरमदी. मावशीकडं राहा म्हणली तिची आई, तर ती म्हणली बाईच नगं म्हणल्यात, मग राहून काय करू."

मी यादीतलं अर्धं लिहिलेलं नाव खोडलं.

उन्हाळ्यात ते लोक परत आले तेव्हा मी तिच्या घरी जायचं ठरवलं. एकदा गेलेही. दाराला कडी होती. पुन्हा जाणं काही अवघड नव्हतं, घर शाळेपासून हाकेवर होतं. मी गेले नाही. तिला काय सांगायचं हे मला ठाऊक होतं आणि ते सांगायची लाज वाटत होती. हजेरीपटावर तिच्या नावापुढं 'सतत गैरहजर' असा लाल शाईचा शेरा पडला. अक्षर माझंच. पुढं माझी बदली झाली. वहीतली टाळी मी नव्या शाळेत दुरुस्त केली, 'त्याच पटीत' घातलं. पोरं अडखळायची, अडखळू दिली. जी वही तालुक्यात फिरत होती ती मात्र तशीच फिरत राहिली. मी पत्र लिहून चूक कळवू शकले असते. चांगल्या झालेल्या पाठाला आपणच कशाला नावं ठेवा, असं म्हणत ते राहून गेलं.

आता यंदाची गोष्ट. चैत्रात येरमाळ्याला येडाईच्या दर्शनाला मी पौर्णिमेची गर्दी व्हायच्या आतच जाऊन येते, गुडघ्यांमुळं. दर्शन करून हायवेला आले, ऊन मी म्हणत होतं, म्हणून रसवंतीत टेकले. मशीनवर एक बाई ऊस लावत होती. कोपऱ्यातल्या टेबलावर सातवीतली असावी अशी एक मुलगी वही उघडून बसली होती. वार्षिक परीक्षा जवळ आली होती. ती डोळे मिटून पाठ करत होती आणि टेबलावर हलकेच हात आपटत होती.

"एक वाढली, दुसरी वाढली, समप्रमाण."

मी ग्लास खाली ठेवला. मशीनवरच्या बाईनं माझ्याकडं बघितलं, मग मशीन बंद केलं.

"बाई, तुमी व्हय?"

बत्तीस वर्षांची मैना. अंग भरलेलं, बोटांवर जुने वार. तिनं पदराला हात पुसले आणि वाकून पाया पडली. मी नको नको म्हणेपर्यंत पडलीसुद्धा. मग सगळं भराभरा सांगितलं. पंधराव्या वर्षी तिचा अर्धा कोयता लागला. उसाच्या फडात नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता धरतात आणि एकटं माणूस म्हणजे अर्धा. मग लग्न झालं आणि पूर्ण कोयता. आता ते सोडून दोघांनी ही रसवंती टाकली. कोपऱ्यातली मुलगी तिची, श्रावणी.

"आणि तुझा भाऊ?"

"हाय की पुण्याला, गाडी चालवतो. सव्वीसचा झाला." तिनं माझा ग्लास उचलला. "बाई, अजून सहाच वरसांचं अंतर हाय."

म्हणजे तीही विसरली नव्हती. मी श्रावणीची वही मागितली. माझीच वही, कितव्या तरी झेरॉक्सवरून उतरवलेली. माझ्या अक्षराचा मागमूस उरला नव्हता, चूक मात्र जशीच्या तशी होती. मी पेन घेतलं आणि 'दुसरी वाढली'च्या आधी लिहिलं, 'त्याच पटीत'.

मैना टेबलापाशी आली. वही उचलून तिनं ते सावकाश वाचलं.

"बाई, म्या इचारलं तवा तुमास्नी हे ठावं हुतं का?"

"तू विचारलंस तेव्हा नव्हतं," मी म्हटलं. "त्याच संध्याकाळी कळलं. गाडीत."

"म्हंजी येऊ नगं म्हणलात, तवा ठावं हुतं."

"हो."

"मग माझं बरुबर हुतं."

"तुझं बरोबर होतं, मैना. माझं चुकलं होतं. तू विचारशील म्हणून भिऊन तुला थांबवलं. मला माफ कर."

बाहेर एक एसटी थांबली आणि निघून गेली. तिनं वही टेबलावर ठेवली, पान हातानं सपाट केलं. "म्या समजत हुते," ती म्हणाली, "म्या यडपट काहीतरी इचारलं म्हणून बाई रुसल्या." मग ती मशीनपाशी गेली.

श्रावणी आमच्या दोघींकडं बघत होती. तिला तिची काळजी होती. "आजी, पण सरांनी जुनंच लिहायला सांगितलंय. मग पेपरात काय लिहू?"

मी उत्तर द्यायला लागले, पण मैनानं मधेच तोडलं. माझ्याकडं न बघता, हातातला ऊस मशीनमध्ये घालत ती लेकीला म्हणाली,

"उद्या वर्गात हात वर कर आन् सरास्नी इचार. आन् कुणी उद्या येऊ नगं म्हणलं, तरी जायाचं."